रंगीत काच ही मनाची समजूत नव्हे

पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या विकाराला वैद्यक ब्लेफरोस्पाझम म्हणते. जागरणाने किंवा थकव्याने एका पापणीची कड चार दिवस फडफडते आणि आपसूक थांबते, तो डोळा लवण्याचा प्रकार वेगळा. ब्लेफरोस्पाझममध्ये दोन्ही डोळ्यांभोवतीचा स्नायू आवळला जातो. आधी उघडझाप वाढते, मग डोळे काही क्षण मिटून राहतात आणि पुढे पुढे रस्ता ओलांडताना, विळीवर भाजी चिरताना, फळ्यावर लिहिताना ते उघडतच नाहीत. नजर शाबूत असते, पण हवी तेव्हा वापरता येत नाही. हा विकार बहुधा चाळिशी-पन्नाशीनंतर सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक दिसतो. सुरुवातीचे कित्येक महिने, कधी काही वर्षेही, ‘डोळे कोरडे पडलेत’ किंवा ‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावरच निघून जातात.

रोगाचे निदान झाले तरी रुग्णाची एक तक्रार बाजूलाच पडते. उजेड सहन होत नाही, ट्यूबलाइटखाली बसवत नाही, दुपारी दाराबाहेर पाऊल टाकले की डोळे मिटतात, असे बहुसंख्य रुग्ण सांगतात. त्यावरचे उत्तर ठरलेले असते: इंजेक्शन घ्या म्हणजे उजेडाचेही बरे होईल, फारच त्रास झाला तर काळा गॉगल लावा. प्रकाशातल्या ठरावीक लहरी अडवणारी रंगीत काच हा या विकारावरच्या उपचाराचा भाग होऊ शकतो, असे कुणी म्हटले की ती मनाची समजूत आहे, असे सांगून विषय संपवला जातो. हे मत चुकीचे आहे, आणि त्या चुकीची किंमत रुग्णाला रोज मोजावी लागते.

खंडन करण्याआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायला हवा. त्याचे म्हणणे असे: ब्लेफरोस्पाझम हा डिस्टोनिया या वर्गातला, म्हणजे मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या आज्ञा बिघडण्याचा विकार आहे. डोळ्याच्या पडद्यात दोष नाही, मग डोळ्यापुढे काच ठेवून काय साधणार? आचके अंधारातही येतात, तेव्हा उजेड हे कारण नव्हे. इंजेक्शनचा गुण डोळ्यांना दिसतो, काचेचा गुण रुग्णाच्या सांगण्यावरच अवलंबून असतो. रंगीत काच घातली आहे हे घालणाऱ्यापासून लपवता येत नाही, त्यामुळे आशेचा परिणाम आणि काचेचा परिणाम वेगळा काढता येत नाही. त्यातून अभ्यास थोडे, तेही लहान. शेवटी संगणकासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘ब्लू कट’ काचांचा अनुभव ताजा आहे. कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा अशा काचांनी डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचे दिसले नाही.

यातली एक गोष्ट आधीच मान्य करतो. इंजेक्शनने या रुग्णांचे आयुष्य बदलले. सान फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट तिरळेपणावर शस्त्रक्रियेऐवजी दुसरा उपाय शोधत होते. बोट्युलिनम विषाची अत्यल्प मात्रा स्नायूत टोचली तर तो काही काळ ढिला पडतो, हे त्यांनी दाखवले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर १९८९ मध्ये तिरळेपणा आणि ब्लेफरोस्पाझम यांसाठी या औषधाला मान्यता दिली. आज जगभर सौंदर्यासाठी ओळखले जाणारे बोटॉक्स मुळात डोळ्यांच्या आजारावरचे औषध आहे. ब्लेफरोस्पाझमवर आजही तोच पहिला उपचार आहे आणि तसाच असावा.

पण हे औषध नेमके काय करते? मज्जातंतूच्या टोकातून स्नायूला आकुंचनाचा निरोप देणारे रसायन सुटते, ते सुटणे हे औषध थांबवते. निरोप पोचत नाही म्हणून स्नायू आवळत नाही. निरोप पाठवणारी यंत्रणा मात्र होती तशीच राहते. म्हणून साधारण तीन महिन्यांनी परिणाम ओसरतो आणि पुन्हा टोचावे लागते. कितीतरी रुग्णांचे डोळे इंजेक्शननंतर उघडे राहू लागतात, पण उजेडाचा त्रास उरतोच. इंजेक्शनने तोही आपोआप जाईल हे गृहीतक अनुभवाला धरून नाही. उपचार जिथे लागू पडतो तेवढाच रोग, असे मानण्याची चूक पूर्वपक्ष इथे करतो.

ही चूक या रोगाच्या इतिहासात पहिल्यांदा होत नाही. फ्रेंच मेंदूतज्ज्ञ आंरी मेज यांनी १९१० मध्ये चेहऱ्याच्या आणि पापण्यांच्या अशा आचक्यांचे वर्णन केले होते. तरी पुढची कित्येक दशके या रुग्णांची रवानगी मानसोपचाराकडे होत राहिली. लंडनचे डेव्हिड मार्सडेन यांनी १९७६ मध्ये हा मेंदूतल्या हालचाल-केंद्रांचा विकार आहे, असे ठामपणे मांडले. त्यासाठी त्यांनी सोळाव्या शतकातल्या ब्रूगेल या चित्रकाराच्या, डोळे घट्ट मिटून जबडा वासलेल्या माणसाच्या चित्राचा दाखलाही दिला. म्हणजे ‘हे मनाचे आहे’ हा निवाडा याच रुग्णांच्या बाबतीत एकदा दिला गेला आणि तो खोटा ठरला. त्यांच्या उजेडाच्या तक्रारीवर तोच निवाडा पुन्हा देण्याआधी पुरावा तपासणे हे वैद्यकाचे कर्तव्य आहे.

आता मूळ मुद्दा. पापणी मिटणे ही केवळ स्नायूची क्रिया नाही. डोळ्याच्या पृष्ठभागावरची जळजळ, कोरडेपणा, वाऱ्याचा झोत आणि झगझगीत प्रकाश यांची वार्ता मज्जातंतूंवाटे मेंदूच्या देठाशी पोचते आणि तिथून पापणीच्या स्नायूला आज्ञा सुटते. हे एक पूर्ण वर्तुळ आहे. मार्सडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवले, की ब्लेफरोस्पाझमच्या रुग्णांत हे वर्तुळच अति-उत्तेजित असते. निरोगी माणसाला पापणी मिटवणारे दोन संकेत लागोपाठ दिले तर दुसऱ्याला मिळणारा प्रतिसाद मंदावतो; या रुग्णांत तो पुरेसा मंदावत नाही. ज्या वर्तुळाला लगाम उरलेला नाही, त्यात बाहेरून येणाऱ्या प्रत्येक संवेदनेचे वजन वाढते.

१९९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक इथल्या क्रेग एव्हिंजर यांच्या गटाने उंदरांवर केलेला प्रयोग या बाबतीत निर्णायक वाटतो. त्यांनी उंदरांच्या मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी थोड्या कमी केल्या. तेवढ्याने आचके आले नाहीत. दुसरीकडे पापणी मिटवणारा स्नायू किंचित दुबळा केला, म्हणजे डोळ्याचे रक्षण अपुरे पडेल अशी स्थिती निर्माण केली. तेवढ्यानेही आचके आले नाहीत. दोन्ही एकत्र केले तेव्हा ब्लेफरोस्पाझमसारखे आचके सुरू झाले. मेंदूतला कल आणि डोळ्याकडून येणारा त्रास, असे दोन्ही मिळून हा रोग घडतो, असा त्याचा अर्थ आहे. ‘रोग मेंदूचा, मग डोळ्यापुढे काच कशाला’ या प्रश्नाचे उत्तर या प्रयोगात आहे.

रुग्णांच्या रोजच्या वागण्यातही हेच दिसते. कपाळावर बोट टेकवले, गुणगुणले, काही चघळले किंवा बोलू लागले की पुष्कळांचे डोळे काही वेळ उघडे राहतात. डिस्टोनियाच्या डॉक्टरांना ही युक्ती चांगली ठाऊक आहे, निदानात ते तिचा उपयोगही करतात. त्वचेवरच्या हलक्या स्पर्शाने आचका थांबतो हे ज्यांना मान्य आहे, त्यांनी डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाने आचका वाढतो आणि तो प्रकाश बदलल्याने कमी होतो, ही शक्यता आधीच नाकारण्याला काही आधार नाही.

‘अंधारातही आचके येतात’ हा आक्षेप कारण आणि चाळवणारी गोष्ट यांची गल्लत करतो. दम्याचा झटका स्वच्छ खोलीतही येतो. म्हणून धूळ टाळायला सांगणाऱ्या डॉक्टरला कुणी चुकीचे ठरवत नाही.

प्रकाश हा असा चाळवणारा घटक आहे, याचा पुरावा मोजमापाने मिळालेला आहे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये ब्लेफरोस्पाझमचे रुग्ण, अर्धशिशीचे रुग्ण आणि निरोगी माणसे यांची तुलना केली. कुणाला किती प्रकाश बोचू लागतो हे मोजले असता, पापण्यांच्या रुग्णांची सहनशक्ती निरोगी माणसांपेक्षा स्पष्टपणे कमी निघाली. अर्धशिशीच्या रुग्णांचीही तशीच होती. अर्धशिशीच्या रुग्णाला उजेड सहन होत नाही हे आपण विनातक्रार मानतो, खोलीचे पडदे ओढतो. तेच सौजन्य पापण्यांच्या रुग्णाला मिळत नाही.

प्रकाश बोचतो कसा, याचेही काही धागे हाती आले आहेत. १९९८ मध्ये मेलानॉप्सिन हे प्रकाशग्राही प्रथिन आधी बेडकाच्या त्वचेत सापडले. २००२ मध्ये डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी या प्रथिनाच्या बळावर स्वतःच प्रकाश टिपतात हे सिद्ध झाले. या पेशी आकृती दाखवत नाहीत. बाहेर किती उजेड आहे हे त्या मेंदूला कळवतात, आणि सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. बोस्टनच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले, की दृष्टी जवळजवळ गेलेल्या पण उजेड जाणवणाऱ्या अर्धशिशीच्या रुग्णांचे दुखणेही उजेडाने वाढते, आणि डोळे पूर्ण निकामी झालेल्यांचे वाढत नाही. म्हणजे पाहण्याच्या मार्गाहून वेगळा, प्रकाशाला वेदनेशी जोडणारा मार्ग मेंदूत आहे.

आता काचेकडे वळू. तिचे नाव एफएल-४१. रंग गुलाबी, पण तिचे खरे काम साधारण ४८० ते ५२० नॅनोमीटर या निळ्या-हिरव्या पट्ट्यातला प्रकाश अडवणे हे आहे. तिचा जन्म इंग्लंडमध्ये ट्यूबलाइटच्या त्रासावरच्या संशोधनातून झाला. जुन्या चोकवर चालणारी ट्यूब पन्नास हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला ते दिसत नाही, पण अर्नोल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये एका कार्यालयातल्या ट्यूब अतिजलद इलेक्ट्रॉनिक पद्धतीवर चालवल्या, तेव्हा तिथल्या डोकेदुखीचे आणि डोळ्यांच्या ताणाचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आपला वीजपुरवठाही पन्नास हर्ट्झचाच आहे. ज्या शाळांमध्ये आणि कचेऱ्यांमध्ये अजून चोकच्या ट्यूब आहेत, तिथे हा मुद्दा परदेशी राहत नाही. १९९१ मध्ये बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी हीच काच अर्धशिशी असलेल्या मुलांना दिली. चार महिन्यांत झटके महिन्याला सरासरी ६.२ वरून १.६ वर आले.

ब्लेफरोस्पाझमसाठी महत्त्वाचा अभ्यास २००९ चा, पुन्हा युटाचा. तीस रुग्णांना आलटून-पालटून दोन चष्मे दिले: एक एफएल-४१, दुसरा साध्या गुलाबी काचेचा. पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट आक्षेप इथेच ढिला पडतो. रंगीत काच लपवता येत नाही हे खरे, पण तुलनेचा चष्माही रंगीत आणि गुलाबीच होता. केवळ आशेने आराम पडत असता तर दोन्हींनी सारखाच पडायला हवा होता. साध्या गुलाबी काचेनेही थोडा आराम पडला, हे संशोधकांनी लपवले नाही. पण वाचन, ट्यूबलाइटचा त्रास, एकूण प्रकाशाचा त्रास आणि आचक्यांची वारंवारता व तीव्रता, या सगळ्यांत एफएल-४१ सरस ठरली. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात पापणीच्या स्नायूतली विद्युत हालचाल ईएमजी यंत्राने मोजली गेली, आणि उघडझापीचे प्रमाण कमी झालेले दिसले. रुग्णाला काय वाटते याचा यंत्राच्या आलेखाशी संबंध नाही.

‘ब्लू कट’ काचेचा दाखलाही इथे गैरलागू आहे. कॉक्रेनने तपासलेला प्रश्न संगणकासमोर बसणाऱ्या सर्वसामान्य माणसांच्या थकव्याचा होता. तो थकवा बहुधा उघडझाप कमी झाल्याने आणि एकटक पाहिल्याने येतो. त्यात निळ्या प्रकाशाचा दोष मुळातच नव्हता. शिवाय बाजारातल्या बहुतेक ब्लू कट काचा निळ्या-जांभळ्या टोकाचा थोडासा भाग अडवतात. ४८० च्या आसपासचा प्रकाश जवळजवळ सगळा आत येतो. रोग वेगळा, काच वेगळी आणि प्रश्नही वेगळा असताना निष्कर्ष मात्र एकच काढणे न्यायाचे नाही.

पूर्वपक्षाच्या एका सल्ल्याचे खंडन तर तातडीने करायला हवे, कारण त्याने अपाय होतो. तो सल्ला म्हणजे काळा गॉगल. भर उन्हात गॉगल योग्यच आहे. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा चष्मा घरातही, दिवसभर लावून बसणारे रुग्ण आपल्याकडे दिसतात. काळोखात डोळ्याचा पडदा अधिकाधिक संवेदनशील होत जातो. अर्ध्या तासात तो अतिशय मंद प्रकाशही टिपू लागतो. घरात काळा चष्मा लावणारा माणूस डोळ्यांना याच स्थितीत ठेवतो. मग चष्मा काढला की साधा दिवाही असह्य होतो, आणि तो आणखी काळी काच शोधतो. युटाच्या कॅथलीन डिग्री यांच्यासारखे प्रकाश-असह्यतेचे अभ्यासक घरात काळे गॉगल वापरू नयेत, असे म्हणूनच सांगतात. एफएल-४१ सगळा प्रकाश कमी करत नाही, त्यातला बोचणारा भाग वेचून काढते. घरातल्या वापरासाठी ती फिकट रंगात आणि बाहेरसाठी गडद रंगात मिळते.

पूर्वपक्षाचे खंडन म्हणजे काचेची जाहिरात नव्हे. काचेने ब्लेफरोस्पाझम बरा होत नाही. इंजेक्शन सोडून केवळ चष्म्यावर विसंबावे असे सांगणारा रुग्णाचे नुकसान करतो. अभ्यास लहान आहेत, तेही बरेचसे एकाच विद्यापीठातले, आणि त्यातल्या एका डॉक्टरचा पुढे असे चष्मे विकणाऱ्या कंपनीशी संबंध आला. हे वाचकाला ठाऊक असायला हवे. २०१६ मध्ये युटाच्याच गटाने अर्धशिशीच्या रुग्णांवर ४८० नॅनोमीटरचा प्रकाश अडवणारी काच तपासली आणि तुलनेसाठी ६२० नॅनोमीटर अडवणारी काच वापरली, तेव्हा दोन्हींनी आराम दिला. त्याच वर्षी बोस्टनच्या संशोधकांनी अर्धशिशीत हिरव्या प्रकाशाचा एक अरुंद पट्टा सर्वांत कमी त्रास देतो असे दाखवले. म्हणजे सर्वोत्तम काच कोणती, याचा निकाल लागलेला नाही. पण हा वाद कोणता प्रकाश अडवावा याबद्दलचा आहे. प्रकाशाला या रोगात स्थान आहे की नाही, हा प्रश्न त्याने पुन्हा उघडा होत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. उजेड अचानक असह्य होऊ लागला आणि सोबत डोळा लाल झाला, दुखू लागला, नजर अंधुक झाली किंवा ताप-मानदुखी आली, तर चष्म्याचा विचार न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा. बुबुळावरची जखम, डोळ्याच्या आतली सूज आणि मेंदूज्वर यांतही उजेड बोचतो. ब्लेफरोस्पाझमचे निदान पक्के झाल्यावर डोळ्यांचा कोरडेपणा आधी तपासावा, कारण त्याच्या उपचाराने वर्तुळातला एक मोठा चिमटा निघून जातो. इंजेक्शन नियमित घ्यावे. त्यासोबत रंगीत काच काही आठवडे वापरून पाहावी, आणि ती घेताना केवळ ‘गुलाबी’ म्हणून न घेता ती कोणता प्रकाश अडवते हे दुकानदाराकडून लेखी मागावे. बाजूने येणारा उजेड अडेल अशी रुंद फ्रेम असावी. रात्री वाहन चालवताना ती लावू नये. कामाच्या जागी चोकची जुनी ट्यूब असेल तर ती बदलून घेण्याचा आग्रह धरावा. महिनाभरात वाचन, चालणे, कामावर बसणे यांत फरक पडला नाही, तर काच बाजूला ठेवावी. ज्या उपचाराचे यश-अपयश रुग्ण स्वतः मोजू शकतो, ज्याला सुई लागत नाही आणि जो थांबवला तरी मागे काही उरत नाही, तो आजमावून न पाहण्याला वैद्यकीय कारण दिसत नाही.

ब्लेफरोस्पाझमच्या रुग्णांनी आपल्या तक्रारी नोंदल्या जाव्यात यासाठी आधीही झगडा केला आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या मॅटी लू कोस्टर या रुग्ण स्त्रीने १९८१ मध्ये या रोगाच्या संशोधनासाठी संस्था उभी केली, तेव्हा बहुतेक डॉक्टरांनी या विकाराचे नावही ऐकलेले नव्हते. आता नाव माहीत आहे, इंजेक्शनही आहे. मागे राहिला आहे तो उजेडाचा प्रश्न. नेत्रतज्ज्ञांना आणि मेंदूतज्ज्ञांना माझी विनंती एवढीच, की पापण्यांच्या रुग्णाला इंजेक्शनची पुढची तारीख देण्याआधी ‘उजेडाचा त्रास किती होतो?’ हे विचारा आणि उत्तर केसपेपरवर लिहा. रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनीही ही तक्रार किरकोळ म्हणून गिळून टाकू नये. प्रकाश हा या रोगाचाच भाग आहे, म्हणून प्रकाशावरचा उपाय हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.